नाकावरचं बोट

“ताई, वास घ्या ना,” चष्मेवाली विद्यार्थिनी म्हणाली आणि तिने काळी शीट ताईंसमोर टेबलावर ठेवली.

ताईंनी सोल्डरिंगचं तापलेलं टोक शीटच्या कोपऱ्याला जेमतेम टेकवलं. धुराची बारीक रेघ वर आली. ताईंनी डोळे मिटले, मान पुढे नेली आणि सावकाश श्वास घेतला. मागे रांगेत उभी असलेली मुलं गप्प झाली. हा कार्यक्रम सगळ्यांना आवडायचा. बाहेरून आणलेली कुठलीही शीट ताईंच्या नाकाखालून गेल्याशिवाय लेसर मशीनमध्ये जायची नाही, असा त्या वर्कशॉपचा कायदाच होता. भिंतीवर नियमांचा मोठा तक्ता होता: आधी एक्झॉस्टचा पंखा आणि मग लेसर, झाकण उघडून डोकावायचं नाही, मशीन चालू असताना जागा सोडायची नाही, आग विझवायची चादर हाताशी ठेवायची. कुठला माल कापायचा नाही, त्या ओळीपुढे मात्र कुण्या वात्रटाने पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘ताईंना विचारा.’ ते कुणी पुसलं नाही, कारण ते खरंच होतं.

ताईंना वास आला नाही.

कसलाच आला नाही. हिवाळ्यात एक मोठा ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, उतरेल. मग साबण, दूध, रॉकेल, औषध, सगळं एकसारखं झालं. ही गोष्ट घरी नवऱ्याला माहीत होती. वर्कशॉपमध्ये कुणालाच माहीत नव्हती.

आणि माहीत असायला हवी होती ती नेमकी तिथेच. लेसरला काय, पुढ्यात येईल ते तो कापतो. लाकूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक, यांचा धूर पंख्याने बाहेर ओढून नेला की झालं. पण दिसायला हुबेहूब ॲक्रिलिकसारखं एक प्लास्टिक असतं, पीव्हीसी. लेसरखाली ते जळलं की विषारी वायू सुटतो. तो माणसाची छाती पोळतो आणि मशीनचं लोखंड खातो. या दोन्हींतला फरक पुष्कळदा दुकानदारालाही कळत नाही. ताईंना कळायचा. ॲक्रिलिक जळताना गोडसर वास येतो, पीव्हीसीचा सुईसारखा टोचतो. एकदा तर त्यांनी दारात पाऊल टाकताक्षणी, नुसत्या वासावर, चालू मशीन बंद करायला लावलं होतं. तेव्हापासून त्यांच्या नाकाचं नाव झालं.

दाराजवळ खिळ्याला लाकडी मुठीची एक तांब्याची तार टांगलेली होती. ताईंच्या आधी असलेल्या म्हाताऱ्या फोरमनची ती तार. ज्योतीत तापवायची, शीटला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की समजायचं, पीव्हीसी. शेंबड्या पोरालाही जमावं इतकं सोपं काम. ताई नव्या होत्या तेव्हा त्या तारेकडे बघून म्हणाल्या होत्या, “ज्यांना नाक नाही त्यांनी धरावी तार.” सगळं वर्कशॉप हसलं होतं, फोरमनसुद्धा. अजूनही वर्कशॉपमध्ये शिकवणारे सर दर वर्षी नव्या मुलांना तार दाखवून ते वाक्य ऐकवायचे, आणि पोरं खिदळायची. तारेवर धूळ बसत गेली.

तापानंतर ताई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, दार लावून घ्यायच्या आणि मुलांच्या शीटचे आदल्या दिवशी गोळा केलेले तुकडे गुपचूप तारेने तपासायच्या. तार पुन्हा होती तशी टांगून ठेवायच्या. चार लोकांत मात्र शीट नाकाशी न्यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आज गोष्ट वेगळी होती. उद्या मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, सकाळपासून मशीनला उसंत नव्हती, आणि चष्मेवालीने प्रदर्शनासाठी केलेल्या दिव्याची अख्खी जाळी तिच्याच हातून मोडली होती. म्हणून ती ऐन वेळी नवी शीट घेऊन उभी होती.

ताईंनी डोळे उघडले. चष्मेवालीने नाक मुरडलं होतं. जरासंच, चष्मा वर सरकवायला मुरडावं तसं.

ताईंना ते दिसलं. ‘काय गं, तुला कसा वास आला?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण ताईंनी दुसऱ्याला वास विचारायचा म्हणजे शिंप्याने गिऱ्हाइकालाच माप विचारण्यासारखं होतं.

“कुठून आणलीस?” त्यांनी विचारलं.

“नेहमीच्याच दुकानातून. ॲक्रिलिकच मागितलं मी.”

ताईंनी शीटवर बोटाचं पेर वाजवलं, ती उजेडात तिरकी धरून पाहिली. “ॲक्रिलिकच आहे. लाव.”

खोलीच्या त्या टोकाला सर उभे होते. सर ताईंपेक्षा वयाने बरेच लहान, लहानपणापासून दम्याचे, शर्टाच्या खिशात कायम पंप. वस्तू कशी सुचावी हे ते शिकवत आणि ती कापायची कशी हे ताई बघत. पंख्याच्या आवाजात लांबून एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून दोघांची खूण ठरलेली होती. सरांनी आपल्या नाकावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, पास का? ताईंनी आपल्या नाकावर बोट ठेवलं. म्हणजे, पास.

मशीन सुरू झालं. नियम म्हणजे नियम, ताई झाकणासमोर स्टूल घेऊन बसल्या. निळसर ठिणगी काळ्या शीटवर पानांची नक्षी काढत फिरू लागली. धूर आज जड वाटत होता. कापलेली कड काचेसारखी नितळ यायला हवी, ती चिकट आणि करपलेली येत होती. ‘लेसरचा जोर जास्त ठेवला असेल,’ ताईंनी मनाची समजूत घातली. जोर त्यांनी स्वतःच ठरवला होता आणि तो बरोबर होता, हेही त्यांना ठाऊक होतं.

सरांनी मुलांना सामान घेऊन प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पिटाळलं. चष्मेवाली तेवढी लांब खिडकीपाशी दिव्याचे बाकीचे भाग घासत बसली. तेवढ्यात मशीनच्या मागे एक्झॉस्टचा पाइप खडखडू लागला.

“सांधा सुटलाय वाटतं,” सर म्हणाले आणि चिकटपट्टी घेऊन मागच्या बोळकांडीत शिरले.

“अहो, मशीन थांबवते, मग करा.”

“थांबवू नका, जाळी वाया जाईल पोरीची. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटं कुठली! सर मागे चांगले अडकून पडले. ताईंना फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग खोकला ऐकू आला. आधी एकेक, मग ढास. ताईंच्याही घशात काहीतरी खवखवलं, डोळे चुरचुरले. नक्षी पुरी होऊन मशीन थांबलं तेव्हा सर उलटे सरकत बाहेर आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी पंप काढून तोंडात मारला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“ताई, आज धूर जरा जास्तच उग्र आहे ना?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. ताईंच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, “सकाळपासून मशीन चालू आहे. मग काय अत्तराचा वास येणार?”

सर खोकता खोकता हसले. ताई म्हणतात म्हणजे ठीकच असणार, असं ते हसू होतं. त्यांनी जाळी उचलून उजेडात धरली, “सुरेख झालीये,” म्हणाले आणि खोकतच हॉलकडे गेले.

ताईंनी सगळं आवरलं. मशीनच्या आतले पोलादी रूळ कापडाने पुसले, त्यांना तेलाचा हात दिला. रोजच्यासारखं. मग दिवा बंद करून घरी गेल्या.

दार उघडलं तोच नवरा दोन पावलं मागे सरकला. “अगं, कसला वास येतोय तुझ्या कपड्यांना?”

“कसला म्हणजे? धुराचा. रोजच येतो.”

“रोजचा वेगळा. हा पोहण्याच्या तलावावर येतो ना, तसला आहे. नाक चुरचुरतंय माझं.”

ताई खुर्चीत बसल्या. अंगावरचा ॲप्रन त्यांनी काढला, नाकाशी नेला आणि जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. कापड नाकाला लागलं, एवढंच कळलं.

“तू सांगून टाक आता,” नवरा म्हणाला. गेल्या महिन्यात दूध करपून पातेलं काळं झालं, खोलीत धूर कोंडला, तरी ताई त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. तेव्हापासून तो हेच म्हणत होता. “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.”

“काय सांगू? नाक गेलं म्हणून? मग मला तिथे ठेवतील कशाला? झाडू मारायला?”

“झाडू मार की मग. झाडूनं कुणी मरत नाही.”

ताईंना राग आला. राग यायचं कारण हे, की त्याचं म्हणणं खरं होतं. त्या उठल्या आणि ॲप्रन बादलीत बुडवून पाण्यावर पाणी ओतत राहिल्या.

सकाळी त्या नेहमीपेक्षाही लवकर निघाल्या. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. दिवा लावून त्यांनी मशीनचं झाकण उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. काल तेलाने चकाकणाऱ्या रुळांवर तांबूस ठिपके उठले होते, घामोळ्यासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला गंज लागला.

लोखंड एका रात्रीत असं गंजत नाही. काहीतरी त्याला खाऊन गेलं होतं. आणि जे लोखंडाला खातं ते मागच्या बोळकांडीत सरांनी श्वासाश्वासाने आत घेतलं होतं. त्यांनी फडकं घेतलं, तेल घेतलं आणि रूळ घासायला सुरुवात केली. सगळ्यांत आधी हेच सुचावं, याची लाज त्यांना पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

फडकं हातात असतानाच फोन वाजला. सरांची बायको होती.

“ताई, ह्यांना पहाटे दवाखान्यात आणलंय. श्वासच घेता येत नाहीये. दमा म्हणतायत, पण पंपानं काही उतरलं नाही. डॉक्टर विचारतायत, काल कशाचा धूर गेला का, कुठलं औषध हुंगलं का. ह्यांना बोलवत नाहीये. एवढंच म्हणाले, ताईंना विचारा.”

ताईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते तांबडं झालं होतं.

“काही झालं होतं का हो तिथे?”

“नाही हो, वहिनी,” ताई म्हणाल्या. “काही नाही. नेहमीसारखंच.”

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत राहिला. किती सहज आला होता तो! त्या स्टुलावर बसल्या. वाटलं, कदाचित साधा दमाच असेल. वाटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळेलच. माणूस बुडायला लागला की काडीलाही ओंडका समजतो, तसं त्यांचं चाललं होतं.

दार ढकलून चष्मेवाली आत आली. मागोमाग आणखी तिघंचौघं. तिच्या हातात कालच्याच शीटचा उरलेला तुकडा होता.

“ताई, दिव्याची खालची बैठक राहिलीये. एवढीच कापून द्याल? हॉल उघडायच्या आत होईल.” आणि तिने सवयीने तो तुकडा ताईंच्या नाकाजवळ नेला.

ताईंनी तुकडा घेतला. नाकाशी नेला नाही. उठून दाराजवळ गेल्या आणि खिळ्यावरून तार काढली.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाला सरांचं वाक्य आठवलं असावं, तो फिसकन हसला आणि गप्प झाला. ताईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला. तार लाल होईपर्यंत धरली, काळ्या तुकड्याला टेकवली, पुन्हा ज्योतीत नेली.

ज्योत हिरवी झाली. गर्द, पोपटाच्या पिसासारखी.

“अय्या, किती छान रंग!” कुणीतरी म्हणालं.

ताईंनी दिवा विझवला. मशीनचं लाल बटण दाबलं, चावी काढून मुठीत घेतली. “खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर व्हा. आज मशीनला कुणीही हात लावायचा नाही.” मग त्या चष्मेवालीकडे वळल्या. “तुला खोकला आहे?”

“थोडा. घसा खवखवतोय.”

“चल माझ्याबरोबर. दवाखान्यात. तुलाही दाखवायचंय.”

रिक्षात चष्मेवाली तुकडा पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. ती म्हणाली, “माझ्यामुळे झालं का, ताई? मी खरंच ॲक्रिलिक मागितलं होतं हो.”

“तू तर मला विचारलं होतंस.”

“हो, पण...”

“तू नाक मुरडलंस, ते मी पाहिलं होतं,” ताई म्हणाल्या. “तुला वास आला होता. मला नाही.”

पोरगी रडायला लागली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण चल, पुरे आता, असं काही त्यांना म्हणता येईना.

दवाखान्याचा कॉरिडॉर लांबलचक होता. सरांची बायको बाकावर बसली होती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ताईंना बघून तिचा चेहरा उजळला. कुणीतरी आपलं आलं, असा. ताईंना तिच्याकडे बघवेना. त्या सरळ दारातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काल ते पीव्हीसीच्या धुरात होते. लेसरवर कापताना. मशीनच्या मागे, अगदी पाइपाच्या तोंडाशी.” त्यांनी पिशवीतला तुकडा पुढे केला. “हे ते. मी आत्ता तपासलंय.”

डॉक्टरीणबाईंचं चालणं थांबलं. “किती वेळ होते?”

“जाळी कापून होईपर्यंत. पंधरावीस मिनिटं तरी.”

“आणि हे आत्ता सांगताय? आम्ही पहाटेपासून नुसत्या दम्याचे उपचार करतोय.” त्यांनी नर्सला हाक मारली, छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितला, औषधाची दोन नावं घेतली. मग पुन्हा ताईंकडे वळल्या. “एवढा उग्र वास असतो याचा. तुम्ही शेजारी होतात ना? तुम्हाला आला नाही?”

कॉरिडॉरमध्ये एक ट्रॉली गेली. ताईंनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

“मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “हिवाळ्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही.”

“या मुलीला बाजूच्या खोलीत बसवा, तपासते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. दारातून मागे वळून एवढंच बोलल्या, “आजचा दिवस महत्त्वाचा आहे. बघू.”

सरांची बायको उठून उभी राहिली होती. “सकाळी मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं, ताई.”

“हो. मी खोटं सांगितलं, वहिनी.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आपली पर्स बाकावरून उचलली आणि जवळ घेतली.

खोलीच्या दाराला काचेची चौकोनी खिडकी होती. ताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. सर उशांना टेकून अर्धवट बसले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. त्यांना काचेतून ताई दिसल्या. त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. सुई टोचून पट्टी लावलेला हात त्यांनी सावकाश उचलला आणि मास्कवर, नाकाच्या जागी, बोट ठेवलं. भुवया जराशा वर गेल्या.

ताईंचाही हात सवयीने वर गेला. हनुवटीपर्यंत गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मान हलवली. नाही.

सर बघत राहिले. त्यांचं बोट मास्कवरच होतं. मास्कच्या आत वाफ धरायची आणि विरायची, पुन्हा धरायची. ताई काचेशी उभ्या राहून ती वाफ बघत होत्या.